प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: कॉन्स्टंटाइन पळून का गेला नाही?

गेल्या अंकात २९ मेच्या निमित्ताने कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, तुर्कांच्या हाती पडलं त्या दिवसावर अर्ध्या पानाची नोंद टाकली होती, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं कापलीत, राग मानू नका.

प्रश्न (पुण्याहून, स्पर्धा परीक्षा देणारा वाचक): "१४५३, तुर्क, व्यापारी मार्ग बंद, एवढं एका ओळीत पाठ आहे. पण त्या शहराचा राजा कोण होता हे माझ्या कुठल्याच नोट्समध्ये नाही. आणि मुळात त्याच्याकडे राज्य म्हणून उरलं काय होतं?"

राजा होता कॉन्स्टंटाइन अकरावा, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा शेवटचा सम्राट, पॅलिओलोगस घराण्यातला, आई हेलेना ड्रागाश सर्बियाची, म्हणून ड्रागासिस हे आईकडचं नावही तो लावायचा. दोन लग्नं झाली, दोन्ही बायका वारल्या, मूलबाळ नाही. १४४९ च्या जानेवारीत ग्रीसमधल्या मिस्त्राला त्याला सम्राट केलं आणि मार्चमध्ये तो राजधानीत आला, तेही परक्यांच्या जहाजातून, कारण स्वतःचं धड जहाज नव्हतं.

राज्य म्हणजे काय, तर एक शहर, भोवतालची थोडी गावं, काही बेटं आणि दक्षिण ग्रीसचा मोरेया, जो त्याचे दोन भाऊ थॉमस आणि दिमित्रिओस आपसात भांडत भांडत सांभाळत होते. शहरात एकेकाळी काही लाख माणसं राहायची तिथे आता पन्नासेक हजार उरलेली, तटाच्या आत मधेमधे चक्क शेती आणि द्राक्षाचे मळे. तिजोरीची अवस्था तर विचारूच नका, राजमुकुटाचे हिरे-माणकं १३४३ मध्येच व्हेनिसकडे गहाण पडलेली, ती शंभर वर्षांत कुणाला सोडवता आली नाहीत.

पैशाचं एवढं का सांगतोय, तर माझ्या मते या माणसाची खरी गोष्ट तिथे आहे. सगळे त्याचा मरणाचा दिवस सांगतात, पण त्याआधीचं सगळं वर्ष तो माणसं, धान्य आणि रोकड जमवत फिरतोय आणि दर वेळी थोडं कमीच पडतंय. ऑर्बान नावाचा हंगेरीचा तोफ ओतणारा कारागीर आधी त्याच्याकडेच नोकरी मागायला आलेला. त्याला द्यायला पगार नाही आणि तोफेला लागेल एवढी धातू पण नाही, मग तो गेला उस्मानी तुर्कांचा सुलतान मेहमेद दुसरा याच्याकडे, तिथे मागितला त्याहून जास्त पगार मिळाला, आणि त्याने ओतलेली ती राक्षसी तोफ साठ बैल लावून सुलतानाच्या राजधानीतून, एदिर्नेहून, ओढत आणली. दगडी गोळा पाचशे किलोच्या वर! भरायला इतका वेळ लागायचा की दिवसाला सातेक बार, बस्स, पण एक बार बसला की तटाचा तुकडा खाली.

वेढा सुरू व्हायच्या आधी त्याने आपला जुना विश्वासू स्फ्रांत्झेस याला सांगितलं की शस्त्र धरू शकेल असा प्रत्येक पुरुष मोज, पाद्री आणि मठातले साधूसुद्धा. याद्या आल्या, बेरीज झाली, आकडा पाच हजारांच्या आत. बादशहा, म्हणजे कॉन्स्टंटाइन, म्हणाला हा आकडा बाहेर जाता कामा नये. परदेशी धरून साधारण सात हजार झाले असतील, समोर साठ ते ऐंशी हजार, आणि नुसता जमिनीकडचा तटच सहा किलोमीटर.

प्रश्न (नाशिकहून): "मग एवढ्या माणसांवर ५३ दिवस कसे काढले? तट एवढा भारी होता का?"

तट भारी होताच. पाचव्या शतकातला थिओडोसियसचा, आधी खंदक, मग बाहेरची भिंत, मग आतली उंच भिंत, हजार वर्षांत या बाजूने लढून कुणी आत शिरलं नव्हतं. पण तो बांधला तेव्हा तोफा नव्हत्या ना. शिवाय दोन्ही भिंतींवर उभी करायला माणसं पुरत नव्हती, म्हणून ठरलं की लढायचं फक्त बाहेरच्या भिंतीवर, आणि आपली माणसं तिथे उभी राहिली की आतल्या भिंतीचे दरवाजे मागून कुलूप लावून बंद. म्हणजे मागे पळायची सोयच नाही. ही कुलपं पुढे महागात पडली, ते खाली येईलच.

दिवसा तोफा भिंत पाडायच्या, रात्री शहरातले लोक, बायका-पोरं सुद्धा, तिथे लाकडं, झुडपं, मातीने भरलेली पिंपं रचायचे आणि वर लोकर नि चामडी टांगायचे. गंमत म्हणजे हा कच्चा बांध दगडी भिंतीपेक्षा बरा टिकायचा, गोळा मातीत रुतून बसायचा. या सगळ्याचा म्होरक्या होता इटलीतल्या जिनोव्हा शहराचा जिओव्हानी जुस्तिनियानी, जानेवारीत स्वखर्चाने ७०० माणसं घेऊन आलेला, आणि त्याने उभं राहायला जागा निवडली ती सगळ्यात कच्ची, लायकस ओढ्याच्या खोलगटातली, जिथे तट उतारावरून खाली येतो. बादशहाचा तळही तिथेच मागे. सुलतानाने जमिनीखालून सुरुंग खणायला माणसं लावली तर आतून योहान्नेस ग्रांट नावाचा इंजिनिअर उलटे बोगदे खणून ते जमिनीखालीच गाठायचा, आग लावायचा, पाणी सोडायचा.

गोल्डन हॉर्न या शहराच्या उत्तरेकडच्या खाडीत जहाजांना शिरायला जागाच नव्हती कारण तिच्या तोंडाला भलीमोठी लोखंडी साखळी ताणलेली. मग २२ एप्रिलला सुलतानाने काय केलं असेल, खाडीपल्याडच्या गलाता वस्तीच्या मागच्या टेकडीवरून फळ्यांचा रस्ता केला, त्यावर चरबी चोपडली आणि सत्तरेक जहाजं बैलांनी, माणसांनी ओढून टेकडीपल्याड खाडीत उतरवली. सकाळी तटावरच्या लोकांनी शिडं उभारलेली जहाजं डोंगर उतरताना बघितली. तिथून पुढे खाडीच्या बाजूलाही माणसं द्यावी लागली, म्हणजे मुळात कमी असलेली आणखी पातळ झाली.

प्रश्न (कोल्हापूरहून): "पळून जायचा चान्स होता का? की अडकला म्हणून हुतात्मा झाला?"

प्रश्न तिरका आहे पण चांगला आहे. चान्स होता, एकदा नाही बऱ्याचदा. फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्री सात जहाजं सातशे इटालियन लोकांना घेऊन गुपचूप निसटली, कुणाला अडवता आलं नाही. तो त्यात बसू शकत होता. नंतर त्याच्याच माणसांनी सांगितलं की तुम्ही बाहेर पडा, मोरेयातून फौज जमवा. आणि अगदी शेवटी सुलतानाचाही निरोप होता की शहर सोड, तुझी माणसं आणि खजिना घेऊन मोरेयात जा, तिथे राज्य कर. त्याचं उत्तर दुकास या त्या काळच्या इतिहासकाराने दिलंय, त्याचा आशय असा की शहर देणं माझ्या हातात नाही, इथे राहणाऱ्या कुणाच्याच हातात नाही, आम्ही आमच्या मर्जीने मरायचं ठरवलंय.

मला मात्र यापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त भिडते आणि ती राजाची नाहीच. ३ मेच्या रात्री बारा माणसं तुर्की कपडे घालून, तुर्की निशाण लावून एका छोट्या जहाजातून बाहेर पडली, काम एकच, व्हेनिसचं आरमार मदतीला निघालंय ते कुठवर आलंय बघून यायचं. एजियन समुद्रात वीस दिवस शोधलं, काहीही दिसलं नाही. मग जहाजावर चर्चा झाली, एकजण म्हणाला परत कशाला जायचं, शहर पडलंच असेल आत्तापर्यंत. बाकीचे म्हणाले बादशहाने काम सांगितलंय, उत्तर पोचवायला जायचं, जगू नाहीतर मरू. आणि ते २३ मेला खरंच परत आले, वेढ्याच्या आत, हे सांगायला की कुणीही येत नाहीये. बादशहाने प्रत्येकाचे आभार मानले आणि तिथेच रडला. हे निकोलो बार्बारो या जहाजावरच्या व्हेनिसच्या डॉक्टरच्या डायरीत आहे, तो तेव्हा शहरातच होता.

प्रश्न (औरंगाबाद आणि मुंबईहून दोघांचा जवळपास सारखाच): "हे सरळ सरळ मुसलमान विरुद्ध ख्रिश्चन होतं ना? मग युरोपने मदत का नाही केली?"

सरळ काहीच नव्हतं हो. तटावर आतून लढणाऱ्यांत ऑर्हान नावाचा उस्मानी राजपुत्र होता, सुलतानाचाच भाऊबंद, त्याची तुर्क माणसं समुद्राकडचा एक भाग सांभाळत होती. आणि बाहेर सुलतानाच्या फौजेत सर्बियाच्या राजाने मांडलिक म्हणून पाठवलेले ख्रिश्चन घोडेस्वार होते, सुरुंग खणणारे खाणकामगारही सर्बियाचेच. तोफवाला ऑर्बान ख्रिश्चन. गलाता ही खाडीपल्याडची जिनोव्हाची वसाहत अधिकृतपणे तटस्थ, म्हणजे दिवसा तुर्कांना तेल विकायचं आणि रात्री तटावर येऊन लढायचं असले प्रकार चालू.

युरोपचं म्हणाल तर जुनं दुखणं होतं. या शहराची सगळ्यात वाईट लूट तोपर्यंत ख्रिश्चनांनीच केलेली, १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाच्या फौजेने, ते परत मिळायला १२६१ उजाडलं. पोपची अट होती की तुमचं ग्रीक चर्च आमच्याखाली आणा, मग मदत. कॉन्स्टंटाइनने तेही केलं, १२ डिसेंबर १४५२ ला आया सोफिया या शहरातल्या मुख्य देवळात दोन्ही चर्च एक झाल्याचं जाहीर केलं, तर शहरातली निम्मी जनता चिडली, त्या देवळात पाय ठेवेना. बदल्यात मिळालं काय? पोपने भाड्याने घेतलेली तीन जहाजं. ती २० एप्रिलला बादशहाच्या एका धान्याच्या जहाजासोबत आली, अख्ख्या तुर्की आरमाराला भिडली, वारा पडला तेव्हा चौघांनी एकमेकांना बांधून घेतलं आणि संध्याकाळी वारा सुटल्यावर साखळीच्या आत शिरली. किनाऱ्यावर सुलतान इतका भडकला की घोडा पाण्यात घालून ओरडत होता. वेढ्यातला तो एक दिवस आतल्यांचा, बाकी मोठी मदत आलीच नाही. व्हेनिसचं आरमार निघालं, पण इतक्या उशिरा की उपयोग शून्य.

आणि एक सांगतो, जे गोष्ट सांगताना लोक गाळतात. ठिणगी पडायला कॉन्स्टंटाइनच्या दरबाराचाही हात होता. वर म्हटलेला ऑर्हान शहरात नजरकैदेत असल्यासारखा राहायचा आणि त्याच्या खर्चाला उस्मानी दरबार दरवर्षी पैसे द्यायचा. १४५१ मध्ये मेहमेद नवा नवा गादीवर आलेला, जेमतेम एकोणीस वर्षांचा, तेव्हा यांनी वकील पाठवला की रक्कम दुप्पट करा नाहीतर ऑर्हानला सोडतो मोकळा, म्हणजे गादीला दावेदार. वजीर हलील पाशा खरं तर शांततावाला माणूस, तोसुद्धा वकिलांवर खेकसला. मेहमेदला कारण हवंच होतं, पण आपण होऊन ताटात वाढून दिलं हे खरं. पुढच्याच वर्षी बॉस्फरस सामुद्रधुनीच्या अगदी चिंचोळ्या जागी रुमेली हिसार हा किल्ला काही महिन्यांत उभा राहिला आणि काळ्या समुद्राकडून येणाऱ्या धान्याच्या मानेवर सुरी ठेवली गेली. पैसे नसलेल्या माणसाने धमकी देऊन पैसे मागितले, दुसरं काय.

प्रश्न (साताऱ्याहून): "आपल्याकडे लढून मेलेले राजे कमी पडले का म्हणून तिकडचे उकरताय?"

नाही पडले. पुढच्या अंकात तुमच्या आवडीचा घेऊ, नाव कळवा.

प्रश्न (ठाण्याहून): "तो नक्की मेला कसा? एका व्हिडिओत दाखवलंय की जांभळा झगा फेकून तलवार घेऊन गर्दीत उडी मारतो. खरं आहे का?"

शेवटची रात्र आधी सांगतो. २८ मेच्या संध्याकाळी आया सोफियात प्रार्थना झाली आणि या वेळी ग्रीक आणि लॅटिन, म्हणजे पोपच्या पंथाचे, सगळे एकत्र आले, सहा महिने जी भांडणं चाललेली ती त्या रात्री कुणी काढली नाहीत. मध्यरात्र उलटल्यावर हल्ला सुरू. पहिली लाट भाडोत्री लोकांची, दुसरी अनातोलियाच्या फौजेची, दोन्ही परतवल्या. तिसऱ्या लाटेत जानिसारी, म्हणजे सुलतानाचं निवडक पायदळ, आले आणि त्याच सुमारास जुस्तिनियानी जखमी झाला. त्याला मागे न्यायला आतल्या दरवाज्याची किल्ली मागवली, बादशहाने थांब म्हणून विनवलं असं म्हणतात, पण तो थांबला नाही, दरवाजा उघडला आणि त्याला उचलून नेताना बघून त्याच्या माणसांना वाटलं संपलं सगळं. त्या उघड्या दरवाज्याकडे जी चेंगराचेंगरी झाली त्यातून बांधावरची फळी फुटली. उत्तरेकडे केर्कोपोर्ता नावाचं छोटं दार उघडं राहिलं आणि तिथून तुर्क शिरले अशीही एक गोष्ट आहे, ती एकाच इतिहासकाराने लिहिलीय, त्यामुळे बेतानेच घ्या. जुस्तिनियानी काही दिवसांत जखमेनेच गेला, तरी जिनोव्हा आणि व्हेनिसवाले त्याच्यावरून पुढे कितीतरी वर्षं भांडत बसले.

आता बादशहा. त्याला मरताना बघितलेला आणि नंतर लिहिणारा एकही माणूस नाही. स्फ्रांत्झेस स्वतः लिहितो की त्या क्षणी मी जवळ नव्हतो, त्याच्याच हुकमाने शहराच्या दुसऱ्या भागात होतो. दुकास म्हणतो दोन वार झाले, एक समोरून तोंडावर, एक मागून, आणि मारणाऱ्याला माहीतही नव्हतं की हा कोण. दुसरा ग्रीक इतिहासकार खांद्यावरच्या जखमेचं सांगतो. तुर्की बखरीत तो एका जखमी सैनिकाच्या हातून पडतो. बार्बारोच्या डायरीत तर दोन अफवा शेजारी शेजारी आहेत, त्यातली एक गळफासाची. मुंडकं खांबावर लावलं म्हणतात, अंगावरच्या गरुडाच्या चिन्हावरून प्रेत ओळखलं म्हणतात.

व्हिडिओवाल्यांचं ते लांबलचक शेवटचं भाषण आणि बरेचसे रडवणारे डायलॉग स्फ्रांत्झेसच्या नावावर चालतात, पण ज्या मोठ्या ग्रंथात ते आहेत तो शंभरेक वर्षांनी माकारिओस नावाच्या एका बिशपने वाढवून लिहिलेला आहे, खऱ्या स्फ्रांत्झेसच्या छोट्या रोजनिशीत त्यातलं जवळपास काही नाही. म्हणजे तो लढताना, फळी फुटली तिथेच मेला हे बहुतेकांना मान्य, झगा फेकला का आणि काय बोलला हे सोडून द्या.

प्रेताचा पत्ता नाही म्हटल्यावर दंतकथा येणारच, आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला तसं तिकडे तोतया निघण्याऐवजी देवदूत आला. ग्रीक लोक सांगतात की देवदूताने त्याला शेवटच्या क्षणी उचललं, संगमरवराचा केला आणि सोनेरी दरवाज्याजवळच्या गुहेत ठेवला, वेळ आली की उठेल. तो दरवाजा तुर्कांनी चिणून टाकलाय, त्यामुळे गोष्टीला जोरच मिळाला. २९ मेला मंगळवार होता, म्हणून आजही ग्रीसमध्ये जुनी माणसं मंगळवारी नवीन काम सुरू करत नाहीत.

प्रश्न (मडगावहून): "शाळेत शिकलो की तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेऊन व्यापारी मार्ग बंद केला म्हणून पोर्तुगीज समुद्रातून भारतात आले. म्हणजे आमच्याकडचं सगळं या माणसाच्या हरण्यामुळे झालं?"

गोव्याहून हा प्रश्न यायलाच हवा होता! पुस्तकातली ती ओळ अर्धवट आहे, पेपरात मात्र तीच लिहा, मार्क जातील नाहीतर. तारखा बघा. पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउता घेतलं १४१५ ला आणि तिथून आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली सरकायला लागले, म्हणजे कॉन्स्टंटाइन तेव्हा दहा-अकरा वर्षांचा पोरगा. त्यांना आधी हवं होतं ते आफ्रिकेचं सोनं आणि गुलाम. दुसरं, मलबारची मिरी कॉन्स्टँटिनोपलवरून जातच नव्हती फारशी, ती तांबड्या समुद्रातून इजिप्तला, अलेक्झांड्रियाहून व्हेनिसला जायची, आणि इजिप्त उस्मानांकडे आलं १५१७ मध्ये, तेव्हा वास्को द गामा कालिकतला येऊन १९ वर्षं झालेली आणि गोवा पडून ७. तिसरं, सुलतान काय वेडा होता का जकात सोडायला? शहर पडून वर्ष होत नाही तोच एप्रिल १४५४ मध्ये व्हेनिसने त्याच्याशी तह करून व्यापार पुन्हा चालू केला.

फटका बसला तो काळ्या समुद्राच्या व्यापाराला, तिथे जिनोव्हावाले खरंच हळूहळू संपले. आणि मिरी व्हेनिसच्या हातून महाग पडते, मधला दलाल काढून टाकू, ही पोर्तुगीजांची खाज तर शहर उभं असतं तरी होतीच. त्यामुळे गोव्याचं खापर बिचाऱ्या कॉन्स्टंटाइनवर नको.

प्रश्न (डोंबिवलीहून): "सप्टेंबरमध्ये ग्रुप टूरने इस्तंबूलला जातोय, अर्धा दिवस मोकळा आहे. त्याची समाधी वगैरे काही आहे का?"

समाधी नाही. एकोणिसाव्या शतकात वेफा भागात एक थडगं दाखवून गाइड लोक पर्यटकांकडून पैसे काढायचे, पण ते त्याचं असल्याचा काही पुरावा नाही. पुतळा बघायचा तर अथेन्सला मुख्य कॅथेड्रलच्या समोर आहे.

इस्तंबूलला सुलतानअहमेतहून टी-वन ट्राम पकडा आणि तोपकापी स्टॉपला उतरा. नीट ऐका, तोपकापी राजवाडा नाही, तो वेगळा आणि उलट्या दिशेला, टूरवाले हमखास घोळ घालतात. इथे तट अगदी समोर आहे आणि शेजारीच १४५३ चं पॅनोरमा म्युझियम, गोल घुमटात आतून रंगवलेली लढाई, अर्थात जिंकणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेली. तिथून तटाच्या कडेकडेने उत्तरेला चालत गेलं की रस्ता खाली उतरून पुन्हा चढतो, तोच लायकसचा खोलगट भाग, ओढा आता दिसत नाही, वरून मोठा रस्ता गेलाय. जुन्या खंदकात लोक भाजी लावतात. साखळीचे तुकडे बघायचे असतील तर आर्किऑलॉजी म्युझियममध्ये आहेत. तटाच्या काही भागात पडझड आहे आणि वर चढायच्या पायऱ्यांना कठडे नाहीत, ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर खालूनच बघा आणि अंधार पडायच्या आत ट्राम गाठा.